शाईची खूण

गडहिंग्लजच्या बाजारात शकीला मुजावरचं औषधांचं दुकान होतं. एकदा निवृत्त तहसीलदार सबनीस लंगडत आले आणि गोळ्यांची दोन पाकिटं आपटून म्हणाले, "गुडघ्यासाठी दोन्ही द्या. पोटात आग पडलीय, त्यावरही काहीतरी द्या."

शकीलाने पाकिटं निरखली. "दोन्ही रोज घेता? कुणी सांगितलं?"

"एक इथल्या डॉक्टरांनी, एक कोल्हापूरच्या. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणजे औषधं वेगळी! तीस वर्षं निवडणुका घेतल्यात मी, मला शिकवू नका."

"मग सांगा साहेब, मत देऊन गेलेला माणूस सदरा बदलून, दुसरं नाव सांगून परत आला, तर कसा ओळखायचात?"

"त्यात काय! बोटावरची शाई बघायची."

"मग इथलीही शाई बघा," म्हणत तिने नावांखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

सबनीसांनी चष्मा चढवला. दोन्हीकडे एकच औषध छापलेलं होतं. सुजेवरची तीच गोळी रोज दुप्पट पोटात जात होती.

त्यांनी दोन्ही पाकिटं बाजूला सारली. "अहो, मी याला दोनदा मत देऊ दिलं!"

"आता एकदाही नाही. आधी डॉक्टरांना पोट दाखवा," म्हणून शकीलाने रिक्षा बोलावली.