पोटात दुखणारे पाच शिष्य

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात मुलांना पोहायला शिकवणारे दोन गुरुजी होते. वरच्या घाटावर कोळ्यांची मुलं शिकत. खालच्या घाटावर धनगरांची. त्यांनी नदी पाहिली होती ती मेंढ्या धुण्यापुरती.

एके वर्षी राजाचा हुकूम आला. गावात एकच गुरुजी कायम राहील. ज्याची कमी मुलं नदी ओलांडताना मध्येच थांबतील तो. दुसऱ्याने गाव सोडायचं.

आदल्या दिवशी वरच्या घाटाचे गुरुजी खालच्या गुरुजींकडे आले. म्हणाले, "कच्ची मुलं घरीच ठेवा. माझ्या पाच जणांच्या पोटात उद्या सकाळी दुखणार आहे."

खालच्या गुरुजींना आपली झोपडी, दारातला शेवगा, सगळं दिसू लागलं. बारापैकी चार मुलं तरी दमणार हे त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात त्यांतलीच एक मुलगी, दाराआडून सगळं ऐकलेली, पुढे आली. गुडघाभर पाण्यात उतरायला तिला तीन महिने लागले होते.

"गुरुजी, उद्या मी येऊ, की माझ्याही पोटात दुखतंय?"

गुरुजी हसले. "तुझं पोट चांगलं आहे. ये."

दुसऱ्या दिवशी राजाचा कारभारी नावेत बसून बघत होता. वरच्या घाटाचे नऊ निघाले, नऊ पोचले. खालच्या घाटाचे बारा निघाले, आठ पोचले. ती मुलगी मधोमध दमली, पण घाबरली नाही. शिकवल्याप्रमाणे उताणी होऊन नाव येईपर्यंत तरंगत राहिली.

"बुडाली," कारभारी लिहू लागला.

"बुडाली नाही सरकार, दमली," गुरुजी काठावरून म्हणाले.

तिला वर घेत म्हातारा नावाडी बोलला, "गेल्या साली ही पोर नावेत पाय ठेवायलाही रडायची. अन् वरच्या घाटाचे ते नऊ जण त्यांचे गुरुजी गावात यायच्या आधीपासून पोहतात. तिथं तर चौदा शिकत होते. पाच कुठं गेले?"

वरचे गुरुजी पुटपुटले, "पोटात दुखतंय त्यांच्या."

"पाचही जणांच्या?"

कारभाऱ्याने मग प्रत्येक मुलाला विचारलं, आधी काय येत होतं? नऊही जण म्हणाले, आईबापांनीच शिकवलं होतं. मुलगी म्हणाली, "मला भीती तेवढी येत होती."

मग राजाच्या वतीने त्याने हुकूम बदलला आणि खालचे गुरुजी कायम झाले. वरच्या गुरुजींना कारभारी म्हणाला, "वर्षभर थांबा. ते पाच जण तरंगायला लागले की कळवा, मग तुमचंही बघू."

पोटदुखी त्याच संध्याकाळी थांबली.

तात्पर्य: मूल कुठे पोचलं हे पाहताना ते कुठून निघालं हेही विचारावं, नाहीतर आईबापांच्या शिकवणीचं श्रेय गुरुजींच्या पदरात पडतं आणि गुरुजींची मेहनत पाण्यात जाते.