काचेतला कटोरा

“म्हणजे तुम्ही कटोरा मागणारच नाही?” दस्तगीरने विचारलं.

लतीफबाबा काचेच्या कपाटापुढे उभे होते. आत काळ्या दर्याई नारळाचा कटोरा. तो बाबांच्या गुरूंचा, पीरसाहेबांचा. हयातभर त्यांनी तो भिक्षेसाठी गावोगाव दारादारांत पुढे केला. ते गेल्यावर कुणीतरी शहरातल्या या संग्रहालयाला देऊन टाकला.

दस्तगीर बाबांचा शिष्य. अंगात रग भरलेला. उरुसाला कटोरा परत आणला नाही तर दर्ग्याची पायरी चढणार नाही, असं तो तिथं चारचौघांत बोलून बसला होता. बोलण्याआधी बाबांना विचारलं नव्हतं.

“तिकीटसुद्धा नाही हो इथं,” तो धुसफुसला. “कुणीही येतो, फुकट बघतो, जांभई देऊन पुढं जातो.”

“पीरसाहेबांनी तिकीट कधी लावलं होतं?”



संग्रहालयाच्या प्रमुख कुंटेबाई आल्या. दस्तगीर त्यांच्याशी तावातावाने भांडला. हा आमच्या इज्जतीचा प्रश्न आहे, कोर्टात खेचीन, असं बरंच काही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या बाबांकडे वळल्या.

“बाबा, पीरसाहेबांच्या शिष्यांपैकी आता तुम्हीच उरलात. हा कटोरा आमचा आहे, एवढं तुमच्या तोंडून येऊ द्या. पुढचं मी बघते. मिळेल तुम्हाला.”

आता सगळं बाबांच्या जिभेवर.

बाबा कटोऱ्याकडे बघत राहिले…

मग त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि बाईंपुढे धरली.

बाई गोंधळल्या. पर्स चाचपली. खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी निघाली, ती त्यांनी ओंजळीत रिकामी केली.

“सलामत रहो, बेटी,” बाबा म्हणाले आणि दाराकडे चालू लागले.

दस्तगीरने त्यांना बाहेरच्या पायऱ्यांवर गाठलं. नको नको ते बोलला. एका शब्दाने जीभ झडली असती का, इथपर्यंत गेला.

बाबा पायरीवर टेकले होते. फोलपटं फुंकून एकेक दाणा तोंडात टाकत होते.

“आता लोकांपुढं मी काय घेऊन जाऊ?” दस्तगीरच्या मुठी आवळलेल्या होत्या.

बाबांनी उरलेले दाणे त्याच्यापुढे धरले.

“हे ने… कशात घेतोस?”