रिकाम्या महिन्यांची रेषा

एका गावात एक रेषावेडा राहत होता. गाव कोळशाचं. तिथे पांढरं धोतर दोरीवर वाळत घातलं की संध्याकाळी राखाडी होऊन खाली उतरे. आणि गावाच्या पोटात, खूप खोल, बंद पडलेल्या जुन्या खाणीची पोकळी होती. रेषावेड्याचं नाव मुकुंद वरारकर. तो गावाच्या टोकाला, खडकावर बांधलेल्या कचेरीत संगणकावर नकाशे करी.

मुकुंदला तुटकं काही बघवत नसे. कपाचा कान तुटला की तो चिकटवून ठेवी. चपलेचा अंगठा सुटला की जेवण टाकून मोच्याकडे जाई. बायको बोलता बोलता थांबली, तर तिचं वाक्यसुद्धा तोच पुरं करी. बहुतेक वेळा चुकीचं. मग ती म्हणे, "मी थांबली म्हणजे तुमाले समजलं असं नाही जी." मुकुंद हसून सोडून देई. त्याला वाटे, अर्धवट राहण्यापेक्षा चुकीचं पुरं झालेलं बरं. अशी माणसं आपल्यात पुष्कळ असतात आणि त्यांना हुशारही म्हणतात.

त्याचं काम असं होतं. खाण बंद करताना आतल्या पोकळीत वाळू भरली होती, म्हणजे वरचं गाव खचू नये. वाळू जागेवर आहे की सरकते आहे, हे कळावं म्हणून गावात जागोजागी लोखंडी नळ्या खोलवर उतरवल्या होत्या. दर महिन्याला मापाडी लक्ष्मण मडावी एकेका नळीत फितीला वजन बांधून सोडी. वजन वाळूवर टेकलं की जेवढी फीत आत गेली, तेवढा आकडा तो मोबाइलमध्ये घाली. तो आकडा थेट मुकुंदच्या नकाशावर, त्या नळीच्या ठिपक्यात जाऊन बसे.

पुढचं मुकुंदचं. त्याने नकाशाच्याच सॉफ्टवेअरमध्ये एक कोड लिहून ठेवला होता. आडवे महिने, उभी खोली, प्रत्येक नळीची एक रेषा. कोड चालवला की तो एकामागून एक ठिपका उचली आणि त्याचा आलेख काढून देई. रेषा आडवी राहिली म्हणजे वाळू जागेवर. रेषा खाली उतरली म्हणजे वाळू वाहून चालली, आणि वरच्या माणसांना हलवायला हवं. गावात शाळा शिकलेलं, न शिकलेलं कोणीही ती रेषा वाचू शके. मुकुंदला याचा फार अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता.

एक नळी अंगणवाडीच्या अंगणात होती. पोरं तिला कान लावून बसत. "बाई, हे दम घेते," असं सांगत. अंगणवाडी चालवणाऱ्या सुमित्रा आत्राम त्यांना हात धरून आत नेत. पण त्या उन्हाळ्यात अंगणवाडीच्या फरशीला एक भेग गेली. सुमित्राबाईंनी कचेरीत येऊन सांगितलं. कचेरीचे प्रमुख कुलथे साहेब समंजस होते. म्हणाले, "वरारकरांचा आलेख पाहू. रेषा उतरत असेल तर मुलांना आजच समाजमंदिरात हलवू. नसेल तर भेग सिमेंटने बुजवू."

म्हणजे सगळी पोरं त्या एका रेषेवर बसली होती.

मुकुंदने कोड चालवला. गावभरच्या रेषा पडद्यावर उतरल्या, सरळ, शहाण्या. अंगणवाडीची रेषा मात्र अर्ध्यावर तुटली होती. शेवटच्या काही महिन्यांचा आकडाच नव्हता. खाने रिकामे. मुकुंदला ते बघवेना. भीतीने नव्हे, तुटकं दिसलं म्हणून. त्याने लक्ष्मणला फोन लावला.

"मडावी, अंगणवाडीचं माप कुठे आहे?"

"भाऊ, तिथं माप येत नाही जी. मी सांगणारच होतो. वजन सोडलं का थे..."

"अडकतं. ठाऊक आहे, जुन्या नळ्या गंजतात," मुकुंद म्हणाला. "राहू द्या रिकामं. मी पाहतो."

फोन ठेवून त्याने कोड उघडला. रिकाम्या महिन्याचं काय करायचं, हे कोडला सांगावं लागतं. रेषा तिथे तुटू द्यायची, की खाना शून्य धरायचा, की मागचाच आकडा पुढे ओढायचा. मुकुंदने आजवर तो भाग मोकळा ठेवला होता. आज त्याने एक ओळ लिहिली. मागचा आकडा पुढे ओढ. कोड पुन्हा चालवला. रेषा जुळली. आडवी, स्वच्छ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती बघून त्याला इतकं बरं वाटलं की त्याने चहा मागवला.

कुलथे साहेब खूश झाले. "वा, रेषा असावी तर अशी!" त्यांनी आलेखाची मोठी प्रत काढवली आणि लोकांची भीती जावी म्हणून अंगणवाडीच्या भिंतीवर लावायला दिली. भेगेत सिमेंट भरलं. पोरं तिथेच राहिली.

आठवड्याभराने एका सकाळी मुकुंदने आलेख उघडला, तर रेषा तुटलेली. त्याच महिन्यात, त्याच जागी.

त्याने कोड पाहिला. त्याची ओळ जशीच्या तशी होती. पुन्हा चालवला, रेषा जुळली. तो पाणी प्यायला उठला. येऊन पाहतो तर तुटलेली. संगणकाला शिव्या देऊन त्याने तो बंद करून चालू केला. या वेळी रेषा जुळून आली आणि त्याच्या डोळ्यांदेखत, मधोमध, हळूहळू विरली. कोणी ओल्या बोटाने पुसावी तशी.

मग त्याला दुसरं दिसलं. अंगणवाडीशेजारच्या नळीची रेषाही तुटली होती. तिच्या पलीकडचीही. तिथले आकडे तर होते, लक्ष्मणने भरलेले, खान्यात बसलेले. तरी रेषा त्यांच्यावरून जायला तयार नव्हती. मुकुंदने नकाशा उघडला. तुटलेल्या रेषांचे ठिपके फिकट पडत चालले होते आणि त्यांच्या मधोमध अंगणवाडी होती.

ऐन दुपार होती. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. कचेरीतले सगळे जेवायला गेलेले. मुकुंदच्या पायांना गार वारा लागला. त्याने वर पाहिलं, पंखा बंद होता, वीज नुकतीच गेली होती आणि संगणक बॅटरीवर चालला होता. तो वाकला. टेबलाखाली त्याच्या स्वतःच्या चपला होत्या, दुसरं काही नाही. पण वारा तिथूनच येत होता आणि त्याला ओल्या वाळूचा वास होता. वारा येई, थांबे. पुन्हा येई, थांबे. पोरं काय म्हणत ते त्याला आठवलं, हे दम घेते.

तो सरळ झाला, तेव्हा पडद्यावरची रेषा चालू लागली होती. माऊसला त्याचा हात नव्हता. जिथे तुटली होती तिथून ती निघाली, पण पुढच्या महिन्याकडे गेली नाही. सरळ खाली उतरू लागली. खोलीचे सगळे आकडे संपले, तरी थांबली नाही. महिन्यांच्या नावांवरून गेली, आलेखाची चौकट ओलांडली, खालच्या नकाशावर उतरली, समाजमंदिर ओलांडलं, रस्ता ओलांडला आणि अंगणवाडीच्या ठिपक्यावर जाऊन उभी राहिली.

मुकुंदने लक्ष्मणला फोन लावला.

"मडावी, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता?"

लक्ष्मण जरा घुटमळला. मुकुंदच्या जिभेवर त्याचं पुढचं वाक्य आलं होतं. या वेळी त्याने ते गिळलं. तो थांबला.

"वजन टेकतच नाही जी," लक्ष्मण म्हणाला. "पुरी फीत सुटते, तरी लोंबतच राह्यते. खाली काहीच नाही. मोबाइलमधी आकड्याबिगर काही घालता येत नाही, म्हून रिकामं सोडलं. तुमीच म्हणाले, राहू द्या."

मुकुंद अनवाणीच धावला.

अंगणवाडीत पोरं पंगतीला बसली होती. ताटांत नुकतीच खिचडी पडलेली. भिंतीवर त्याची रेषा होती, हातभर लांब, आडवी, स्वच्छ. खाली सिमेंट भरलेली भेग होती आणि सिमेंटला नवी भेग गेली होती.

"बाई, पोरांना बाहेर काढा," तो दारातूनच म्हणाला.

सुमित्राबाईंनी हातातली पळी खाली ठेवली नाही. "काहून जी? काय झालं?"

आता खरं सांगावं की नाही? खरं सांगितलं तर नाव जाणार, बहुतेक नोकरीही जाणार. त्याने दुसरंच काही सुचवून पाहिलं. "साहेबांनी बोलावलं आहे सगळ्यांना. समाजमंदिरात."

"एवढ्या उन्हात? पोरायले घास तं खाऊ द्या."

"मग... डासांची फवारणी आहे. औषध मारणार आहेत."

सुमित्राबाई हसल्या. "तुमी काहून घाबरून रायले, वरारकर भाऊ? भेगेले पाहून मीही घाबरली होती. मंग साहेबानं हे लावलं." त्यांनी पळीने भिंतीकडे दाखवलं. "रोज पाहतो आमी. तुमचीच रेघ हाय ना? सरळ हाय. आमाले काही भेव नाही."

मुकुंदने भिंतीकडे पाहिलं. इतकी सुंदर रेषा त्याने आयुष्यात दुसरी काढली नव्हती.

तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, "बाई, खिचडी पळून रायली."

सगळ्यांनी ताटांकडे पाहिलं. पातळ खिचडी प्रत्येक ताटात एका कडेला गोळा झाली होती. सगळ्या ताटांत एकाच कडेला. नळीकडच्या.

"ती रेषा खोटी आहे," मुकुंद मोठ्याने म्हणाला. "शेवटचे महिने मला माहीतच नाहीत. तिथे आकडा नव्हता. मी मागचा आकडा पुढे ओढला. छान दिसावी म्हणून ओढला. बाई, या घराखाली काय आहे, मला माहीत नाही. माझ्या रेषेवर विश्वास ठेवू नका. उठा!"

सुमित्राबाईंनी पळी टाकली, दोन पोरं काखेत मारली आणि बाकीच्यांना ओरडून उठवलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईने दोघांना ओढलं, मुकुंदने हाताला लागतील तेवढी उचलली. ताटं तिथेच राहिली. सगळे रस्ता ओलांडून समाजमंदिराच्या पायरीवर पोचले. पोरं मोजली. सगळी होती. एक रडत होतं, त्याची खिचडी राहिली म्हणून.

मग अंगणवाडी गेली. धडाड असा आवाज झाला नाही. फरशी आत उतरली, छप्पर तिच्यामागे गेलं, आणि आलेख लावलेली भिंत तेवढी एकटी उभी राहिली. तिच्यावरची रेषा अजून आडवी, स्वच्छ होती. मग भिंतही सरळ खाली उतरली, जशी पडद्यावरची रेषा उतरली होती. धूळ बसल्यावर खड्ड्याच्या काठावर फक्त लोखंडी नळी उरली. तिच्यातून एक लांब श्वास आला. त्यानंतर पुन्हा आला नाही.

गावाने मुकुंदला देव केलं. धावत आला, पोरं वाचवली. कोणी हार आणला. मुकुंदने तो घेतला नाही आणि कुलथे साहेबांपुढे जाऊन झालेलं सगळं पुन्हा सांगितलं. साहेब म्हणाले, "मीही विचारलं नाही, वरारकर. रेषा सरळ दिसली, मला तेवढंच हवं होतं." सुमित्राबाई रागावल्या नाहीत, तेच मुकुंदला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आमी पोरायले जमिनीवर नाही जी, तुमच्या रेघेवर बसवलं होतं."

त्याने कोडमधली ती ओळ पुसली. आता रिकामा महिना आला की रेषा तुटते, आणि तुटल्या जागी लाल अक्षरांत उमटतं, माहीत नाही. ते उमटलं की मुकुंद आधी त्या नळीपाशी जातो. लक्ष्मण वजन सोडतो, मुकुंद फीत धरतो, आणि दोघंही बोलत नाहीत. मोबाइलमध्येही आता आकड्याऐवजी शब्द लिहिता येतो.

घरी बायको बोलता बोलता थांबली, तर तोही थांबतो. पहिल्यांदा असा थांबला तेव्हा ती दचकली होती. त्या वाऱ्यामुळे साहेब कचेरीत त्याचं टेबल दुसरीकडे हलवून देतो म्हणाले, तो नको म्हणाला. अजूनही एखाद्या भर दुपारी, पंखा बंद असताना, त्याच्या टेबलाखालून ओल्या वाळूचा गार वारा येतो. मुकुंद घाबरतो. पण उठून जात नाही. पहिल्यापासून सगळे आलेख उघडतो आणि कुठली रेषा तुटली आहे ते बघतो.

तात्पर्य: जे आपल्याला माहीत नाही, ते माहीत नाही असंच सांगावं. दिसायला बरं म्हणून रिकामी जागा भरली, तर आपल्यावर विश्वास ठेवणारी माणसं नेमकी तिथेच पाय ठेवतात.