कलशावरच्या तांबड्या रेघा

जपान देशात, समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर, कामादानी नावाचं कुंभारांचं गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला एक पडकं मंदिर होतं आणि तिथं एन्शिन महाराज राहत. आता तुम्ही म्हणाल, जपानात कुठले आले महाराज? अहो, संत काय फक्त आपल्याच गल्लीत जन्माला येतात? मुखी अमिताभ बुद्धाचं नाम, हातात भिक्षापात्र, बारा महिने अंगावर एकच कफनी आणि पायांत भाताच्या पेंढ्याच्या वहाणा. दुःखितांच्या दारी न बोलावता जाणारे हे महात्मे, आणि त्या साली कामादानीत दुःखाला तोटा नव्हता.

उन्हाळ्यात गावात साथ आली. मोसुके कुंभाराची नऊ वर्षांची पोर तीन दिवसांच्या तापात गेली. बायको बाळंतपणातच गेलेली, म्हणजे ही पोर हेच त्याचं घरदार. तिला अग्नी देऊन त्यानं अस्थी एका फडक्यात बांधल्या आणि चाकाशेजारच्या फळीवर ठेवल्या. तिकडची रीत अशी, की एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी कलशात घालून मातीआड करायच्या. मोसुकेनं मनाशी धरलं, पोरीचा कलश दुसऱ्या कुणाच्या हातचा नको. जन्मभर लोकांची मडकी केली, हिच्यासाठी एवढं तरी आपल्या हातून व्हावं. त्यानं तो चाकावर फिरवून उभा केला. लहानसाच, पोटाशी धरता येईल एवढा.

पण कलश घडवला म्हणजे झालं का? कच्ची माती ती, भाजली नाही तर पहिल्या पावसात चिखल. आणि अख्ख्या गावात भट्टी एकच. आपल्या कुंभारवाड्यातल्या आव्यासारखी नव्हे. डोंगराच्या उतारावर बांधलेली, बोगद्यासारखी लांबलचक. वर्षातून एकदा पेटायची आणि दहा दिवस जळायची. तिचा मानकरी जिन्बेई. हाताचा कसबी माणूस, ते नाकारून चालणार नाही. पण ताठा असा, की वाऱ्यानंही त्याला विचारून वाहावं!

मोसुके कलश घेऊन गेला तेव्हा जिन्बेई भट्टी रचत होता. त्यानं लांबूनच हात केला.

"तिथंच थांब. सुतकात आहेस ना? सुतक्याची वस्तू आत गेली की आग रुसते."

"मानकरी, एकच कलश आहे. पोरीचा."

"म्हणूनच नको. इथं सरदारांचे रांजण भाजायचेत आणि तू मढ्याचं भांडं घेऊन आलास होय? बाजारातून आण की एखादं."

भोवतीचे चार टवाळ हसले. मोसुके उलट बोलणाऱ्यांतला नव्हता. तो वळला आणि मंदिराच्या पायरीवर जाऊन बसला. महाराजांनी त्याच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली आणि त्याला घेऊन ते भट्टीवर आले.

"जिन्बेई, ही माती आणतोस कुठून?" महाराजांनी विचारलं.

"डोंगराच्या पायथ्यातून. दुसरी कुठली?"

"त्याच डोंगरात तुझे आजे-पणजे पुरलेत ना? मग बाबा, तुझ्या भट्टीला रोजचंच सुतक आहे."

महाराजांचा शब्द मोडायची तर सोय नव्हती. मग जिन्बेईनं जागा दिली ती कशी? अगदी शेवटच्या टोकाला, धुराड्याखाली, फुटक्या-टाकाऊ भांड्यांच्या दाटीत. भट्टीच्या आचेत राखसुद्धा वितळते आणि भांडं भांड्याला कायमचं चिकटतं. "चिकटलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही," तो म्हणाला.

महाराज खाली वाकले. पायांतल्या वहाणा काढल्या, त्यांची वीण सैल केली आणि भांड्याला भांडं टेकू नये म्हणून तो पेंढा कलशाभोवती गुंडाळायला घेतला.

"वा," जिन्बेई म्हणाला, "भट्टीत जोडे! एवढंच राहिलं होतं."

मोसुके कानकोंडा झाला. "नको महाराज. आपण अनवाणी राहणार, आणि पायांतली वस्तू..."

"अरे, तुझ्या पोरीनंच विणून दिल्यात या," महाराज म्हणाले. "साथीच्या आधी आठ दिवस. तिच्या हातचं काहीतरी तिच्यापाशी राहू दे."

मोसुकेला हे माहीतच नव्हतं. तो तिथंच, सगळ्यांदेखत, तोंड झाकून रडला.

भट्टी पेटली. मोसुकेला लाकूड घालायची मनाई होती. तो रोज पलीकडच्या बांधावर बसून धुराकडे बघे. आठव्या दिवशी दुपारी मोठा आवाज झाला आणि भट्टीच्या मागच्या टोकाचं छत खाली बसलं. काळ्या धुरानं गाव भरून गेलं.

जिन्बेई तरातरा बांधावर आला. "सांगत होतो ना? गावाचं वर्षाचं काम गेलं. त्या अस्थी उचल आणि चालता हो. इथल्या जमिनीत त्यांना जागा नाही."

आणि वाईट हे, की मोसुकेला ते पटलं. दुःखानं खचलेल्या माणसाला कुणीही काहीही पटवावं. फडक्यातल्या अस्थी छातीशी धरून तो मंदिरात गेला.

"महाराज, माझ्यापायी गाव बुडालं. हिला घेऊन मी आता कुठं जाऊ?"

"कुठंही जायचं नाही. भट्टी उघडेपर्यंत थांब."

एवढं बोलून महाराज खाली उतरले आणि कोसळलेल्या टोकापाशी नामस्मरण करीत बसले. वर पावसाची झिमझिम, खाली खडी. अनवाणी पावलं फुटून रक्ताळली होती. भट्टी निवायला सहा दिवस लागले. महाराज जागचे हलले नाहीत.

एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी भट्टी उघडली. आधी पुढची बाजू. मागची वाट बुजल्यावर सगळी आग पुढं तुंबली होती आणि सरदारांचे रांजण वाकून, वितळून एकमेकांत रुतले होते. जिन्बेईनं हातोडीनं सोडवायला घेतले. एकेक करून सगळे तडकले. मोसुकेला त्याचा आनंद झाला नाही, आणि मंडळी, आपल्यालाही होऊ नये.

मग मागच्या विटा उपसल्या. आसपासच्या भांड्यांचा चुरा झालेला. पण त्या चुऱ्यात छतातून पडलेले दोन मोठे दगड एकमेकांवर रेलले होते आणि त्यांच्या आडोशाला कलश सुखरूप उभा! मोसुकेनं हात घातला तसा अलगद हातात आला. कुठं चिकटला नव्हता, कुठं चीर नव्हती. पेंढा जळून गेला होता, आणि तो जिथं जिथं टेकला होता तिथं फिकट मातीवर तांबड्या रेघा उमटल्या होत्या. रंग नाही, कुंचला नाही. कुंकवाचं बोट ओढावं तशा रेघा! गावात पिढ्यान्‌पिढ्या असं भांडं कुणी पाहिलं नव्हतं. महाराजांनी डोळे मिटून हात जोडले.

जिन्बेई पुढं आला. कसबी माणूस, त्याला खोटं बोलता येईना. त्यानं एका रेघेवरून बोट फिरवलं. मध्येच पेंढ्याची एक गाठ उमटली होती, लहान बोटांनी मारलेली, ओबडधोबड. त्यानं महाराजांच्या पायांकडे पाहिलं. हातातली हातोडी त्यानं खाली ठेवली.

"मोसुके," तो म्हणाला, "पोरीचं नाव काय होतं रे?"

तीन घरं सोडून राहायची ती पोर. रोज जिन्बेईच्या दारावरून पाणी नेलं तिनं. मोसुकेच्या ओठांवर तिच्या जाण्यापासून ते नाव आलं नव्हतं.

"किनु," तो म्हणाला.

जिन्बेई ओल्या मातीत गुडघ्यांवर बसला आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. महाराजांनी त्याला धरलं. "माझे पाय राहू देत. पोरीला जागा दे."

त्यानं आपल्या घराण्याच्या स्मशानात, स्वतःच्या आईशेजारी, स्वतःच्या हातांनी खड्डा खणला. सुतकाचं नाव कुणी काढलं नाही. एन्शिन महाराजांच्या कृपेनं कामादानीत पुढं भांड्यांना पेंढा गुंडाळून भाजायची रीत पडली आणि त्या रेघा बघायला लांबून लांबून लोक येऊ लागले. मोसुकेनं मात्र तसं भांडं पुन्हा केलं नाही. कुणी त्याला विचारलंही नाही. जिन्बेई म्हातारा होऊन थकला तरी दर साली भट्टी पेटवायचा मान त्याचाच होता. आणि गुडघे टेकून, किनुचं नाव घेऊन, जमिनीला डोकं लावल्याशिवाय त्यानं भट्टीला कधी अग्नी दिला नाही.