लाडूला सांभाळणारा नवरदेव

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे अजून व्हायचा होता. नाव अंकुश. लग्न ठरलं होतं, आणि ठरलेलं मोडायची वेळ आलीच, तर ती एका माशामुळे येणार होती.

मासा होता कालिंदीचा, म्हणजे होणाऱ्या नवरीचा. नाव लाडू. रंगाने केशरी, पोटाने गोल. साखरपुड्याच्या दिवशी तिने काचेच्या पेटीसकट तो अंकुशच्या हातात दिला.

"महिनाभर सांभाळा. दोन मिनिटांत संपेल एवढंच खायला घाला. लग्नाच्या दिवशी हा हसतखेळत दिसला, तर मी माप ओलांडेन. नाहीतर उंबऱ्यावरून परत."

"मासा हसतो?" अंकुशने विचारलं.

कालिंदी म्हणाली, "नजर ठेवा फक्त."

अंकुशने नजर ठेवली. सकाळी ठेवली ती दुपारपर्यंत काढली नाही. मागे चुलीवर दूध उतू गेलं, मांजराने साय खाल्ली. आई ओरडली, तरी हा हलला नाही. चौथ्या दिवशी त्याला दिसलं, लाडू पेटीतल्या दगडाला अंग घासतोय.

तो धावत बाजारात रज्जाकचाचांकडे गेला. चाचांचं रंगीत माशांचं दुकान होतं.

"अंग घासतो म्हणजे अंगावर कीड," चाचा म्हणाले. "डोळ्यांना दिसेलच असं नाही. बादलीभर पाण्यात दोन मुठी मीठ. त्यात ठेव आणि तीनशे मोज. आडवा व्हायला लागला तर लगेच बाहेर काढ."

"अंग घासतो, तर मिठाचं पाणी," अंकुश मिठाची पिशवी घेऊन घोकत निघाला. वाटेत शेवंताकाकूंची म्हैस विजेच्या खांबाला अंग घासत होती.

अंकुश थांबला. त्याने मिठाची अख्खी पिशवी काकूंच्या हौदात रिकामी केली. म्हैस हौदात मावेना, म्हणून हौदच बादलीबादलीने म्हशीवर ओतला. त्याला शंभरपर्यंतच येत होतं. त्याने शंभर तीनदा मोजले. म्हैस आडवी झाली नाही. अंकुश झाला, कारण तिसऱ्या शंभरात तिने लाथ घातली.

"मेल्या, काय मांडलंयस हे?" काकू ओरडत आल्या. "आणि आता बाकीची जनावरं पाणी कुठलं पिणार? आधी नीट बघावं माणसाने, समोर काय आहे ते!"

"चुकलं काकू. आता आधी नीट बघेन."

घरी येईपर्यंत आईनेच लाडूला मिठाच्या पाण्यातून काढलं होतं. शेजारणीने म्हशीची गोष्ट पोचवली, त्यावरून आईला औषध कळलं होतं.

आठवड्याने अंकुशने नीट बघितलं. लाडूच्या शेपटीजवळ बारीक दोरा लोंबत होता. तो पुन्हा चाचांकडे.

"दोरा नाही तो, किडा आहे. डोकं आत रुतवून बसतो. ओला फडका घेऊन मासा धर, चिमट्याने दोरा अगदी मुळाशी पकड आणि ओढून काढ. अर्धा तुटला तर उपयोग नाही."

"लोंबतं ते मुळाशी धरून ओढायचं," घोकत अंकुश निघाला. खिशात नवा चिमटा. पारावर सरपंच बबनतात्या उभे होते. पाणीयोजनेवर बोलत होते, पन्नास माणसं ऐकत होती. तात्यांच्या सदऱ्याखाली लेंग्याची नाडी लोंबत होती.

अंकुशने आधी नीट बघितलं. ओला फडका नव्हता, तेव्हा आपलं उपरणं भिजवून तात्यांच्या कमरेला गुंडाळलं. मग चिमट्याने मुळाशी धरलं आणि ओढलं. अर्धं तुटलं नाही. सगळं आलं.

पाणीयोजना तिथेच राहिली. लेंगा सावरत तात्या म्हणाले, "गाढवा! हात लावण्याआधी विचारावं माणसाने!"

"चुकलं तात्या. आता आधी विचारेन."

लाडूचा दोरा आईने काढला.

मग अंकुशला वाटलं, लाडूला एकटं वाटत असेल. त्याने जत्रेतून एक काळा मासा आणून पेटीत सोडला. तीन दिवसांत दोघांच्याही अंगावर पांढरे ठिपके. वर रवा भुरभुरावा तसे.

चाचांनी कपाळाला हात लावला. "नवीन मासा थेट आत सोडलास? अरे, नवीन आलेल्याला पंधरा दिवस वेगळं ठेवायचं असतं! अंगावर पांढरं काही, लोंबतं काही, अंग घासतो का, सगळं बघायचं. मगच घरच्यांत मिसळू द्यायचं. हे औषध घे, आणि कुणालाही विचारू नकोस, आईला दे."

आईने काळा मासा वेगळ्या बादलीत ठेवला आणि दोघांना थेंब मोजून औषध घातलं. लग्नाच्या दिवशी लाडू लखलखीत होता. आईने सुटकेचा श्वास सोडला. जरा लवकरच सोडला.

संध्याकाळी वरात दारात आली. उंबऱ्यावर माप ठेवलेलं. कालिंदीने पाऊल उचललं, आणि अंकुशने आधी नीट बघितलं. केसांत पांढरे दाणे. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी दोरे लोंबताहेत. आणि मान सारखी खांद्याला घासतेय.

त्याने आधी विचारलंही. "खाजतं का?"

"शालू टोचतोय दुपारपासून," कालिंदी म्हणाली.

"थांबा!" अंकुश ओरडला. "ही नवीन आहे! पंधरा दिवस गोठ्यात ठेवा! आई, मीठ आण!"

वाजंत्री थांबली. कालिंदीचे वडील पुढे आले, म्हणाले, "चल पोरी, गाडी वळवतो."

कालिंदीने दारातून आत पाहिलं. लाडू तिला बघून काचेशी आला होता. शेपटी हलवत होता.

"बाबा, थांबा जरा," ती म्हणाली. मग अंकुशला हळूच विचारलं, "अक्षता तुमच्या डोक्यात नाहीत?"

अंकुशने डोकं चाचपलं. होत्या.

"मुंडावळ्या?"

त्याही होत्या.

"लाडू माझ्याजवळ तीन वर्षं आहे. तुमच्याजवळ एक महिना. मग आमच्यात नवीन कोण?"

अंकुशने बराच विचार केला. त्याचा चेहरा पडला. घोंगडी उचलून तो गोठ्यात गेला. कालिंदीने माप ओलांडलं.

पंधरा दिवस ती त्याला दोन वेळा जेवण नेऊन देत होती. दोन मिनिटांत संपेल एवढंच.

सोळाव्या दिवशी ती चिमटा घेऊन गेली. मुंडावळ्या अजून तशाच होत्या. काढ म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

"काढू का?" तिने आधी विचारलं.

"काढ."

तिने मुळाशी धरून काढल्या. मागूनपुढून नीट बघितलं. ती हसली. "काही नाही. चला, आता सोडते तुम्हांला घरच्यांत."

अंकुश एवढा खूश झाला, की तडक आत गेला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि उजवा पाय लाडूच्या पेटीत सोडला. डावा मावत नव्हता. लाडू कोपऱ्यात पळाला. थोड्या वेळाने सावकाश पुढे आला आणि अंकुशच्या घोट्याला अंग घासायला लागला.

"बघ, बघ! मला ओळखलं त्याने!"

कालिंदी मिठाची बरणी आणायला स्वयंपाकघरात गेली.