पाच हजार वॅटचा खोका

माणसांच्या जत्रा पाहून जनावरांनीही आपला बाजार भरवायला सुरुवात केली, तेव्हाची ही गोष्ट. भागाई नावाची म्हातारी वानरी झाडावरून बिबट्या दिसला की हाक द्यायची आणि खालची हरणं पळायची. पण हल्ली तिचा आवाज बसला होता. मागच्या महिन्यात हाक पोचलीच नाही आणि बिबट्याने एक पाडस उचललं. म्हणून आपला कर्णा काखेत मारून ती साळिंदरशेटच्या दुकानात ॲम्प्लिफायर घ्यायला आली.

शेटने दोन खोके पुढे ठेवले. एकावर लिहिलं होतं पाच हजार वॅट, दुसऱ्यावर चाळीस.

"मोठाच घ्या, आजी. किंमत सारखीच आहे."

"सारखीच? मग धाकटा घेतं तरी कोण?" भागाई चक्रावली. "आणि हे पाच हजार टिकतात किती वेळ?"

"पापणी लवेपर्यंत," शेट पुटपुटला. "चाळीसवाला मात्र दिवसभर चाळीसच देतो."

मग त्याने ओहम सांगितले, आवाज किती टक्के फाटतो तेही सांगितलं. भागाईच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला.

"मला आकड्यांतलं कळत नाही, शेट. दोन्हींवर माझी हाक देऊन बघते."

मोठ्या खोक्याने दुकान हादरलं, पण आवाज असा फाटला, की शेजारी चरणाऱ्या हरणीने मान वर करून विचारलं, "कुणाचं लग्न आहे का हो?"

मग भागाईने चाळीसवाल्यावर हाक दिली. हरणीने तोंडातला घास टाकला आणि दुकानाची कनात फाडून ती ओढ्यापलीकडे पसार झाली.

"हाच बांधून द्या," भागाई म्हणाली.