डोहातली वाळू

तेरणेच्या काठी सावरगाव नावाचं खेडं आहे. केवलगीर महाराज तिथल्या मठात मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट.

गावातल्या गिरजा कोळिणीची आठ वर्षांची येसू नदीच्या डोहात बुडाली होती. तेव्हापासून गिरजा नदीकडे फिरकत नसे. पाण्याचा आवाज आला तरी कानांवर हात ठेवी.

महाराज तिला म्हणाले, "गिरजे, उद्या चिंचेपर्यंत ये. तिथून नदी दिसते."

"न्हाई हो बघवत, महाराज!"

"रडू आलं तर रड. पण पळू नकोस."

ती गेली, रडली, उभी राहिली. मग महाराजांनी तिला वाळूपर्यंत नेलं, पुढे घोट्याएवढ्या पाण्यात. चार महिन्यांनी ती मठासाठी नदीचं पाणी आणू लागली. घागर भरताना ती तेव्हाही डोळे मिटून घेई.

गावातले दामोदरपंत शास्त्री सर्वांदेखत हसत. "कोळीण पाण्याला भिते आणि महाराज तिला साधना शिकवतात!"

गिरजा मान खाली घालून घागर उचली.

श्रावणात नदीला पूर आला. पंतांची पत्नी सगुणाबाई पलीकडून येत असताना नाव वाहत जाऊन डोहापलीकडच्या बाभळीला अडकली. पंत काठावर आक्रोश करू लागले. पाण्यात उतरायला कोणी धजेना.

गिरजेनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक काठावरच्यांच्या हाती दिलं. "महाराज!" एवढंच म्हणाली आणि पाण्यात शिरली.

ऐन डोहात तिचं बळ सरलं. ती दोनदा बुडाली. तोच पायाखाली वाळू लागली! ज्या डोहाचा तळ कधी कुणाला लागला नव्हता, तिथे ती छातीभर पाण्यात चालत गेली. तिने कमरेचा दोर सोडून नावेला बांधला आणि काठावरच्यांनी दोघींसह नाव ओढून घेतली. सगळे मठाकडे धावले. पाहतात तो महाराज मठाच्या ओट्यावर बसलेले, पण त्यांच्या अंगावरची भगवी छाटी छातीपर्यंत ओली आणि पायांना ओली वाळू!

गिरजा त्यांच्यापुढे कोसळली. "माझ्या येसूच्या पायाला का न्हाई लागली हो ही वाळू?"

महाराजांचे डोळे भरून आले.

"ते मलाही ठाऊक नाही, पोरी," ते म्हणाले. "तुझं दुःख मला उचलून नेता येत नाही. ते घेऊन तू पाण्यात उतरलीस, तेव्हा तुझ्यासोबत चालता आलं, एवढंच."

पंत महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि गिरजेकडे बोट केलं.

चिखलात हुंदके देत बसलेल्या त्या माउलीच्या पायांवर शास्त्रीबुवांनी डोकं ठेवलं. किती तरी वेळ त्यांना ते उचलवलं नाही.